राग येणे हे पाप आहे का?



उपवासकाळ आला की प्रायश्चित्त संस्कारासाठी आपण रांगेत उभे राहतो आणि मनातल्या मनात आपल्या पापांची उजळणी करतो. त्या उजळणीत एक वाक्य बहुधा प्रत्येकाच्या ओठी असते : ‘फादर, मला राग येतो.’ वर्षानुवर्षे आपण हेच सांगतो. फादर चार शब्द समजुतीचे बोलतात, आपण प्रायश्चित्ताची प्रार्थना म्हणतो, घरी जातो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा कोणावर तरी ओरडलेलो असतो. मग मनात प्रश्न येतो : राग येणे हेच पाप आहे का? असेल, तर देवाने तो माणसाच्या छातीत ठेवलाच कशाला? आणि नसेल, तर इतकी वर्षे आपण नेमके काय कबूल करत होतो?

आमच्यापुरता हा प्रश्न मागच्या पावसाळ्यात उभा राहिला. एका दाखल्यासाठी आम्हाला एका कार्यालयात खेपा घालाव्या लागत होत्या. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला गेले होते. दुसऱ्या खेपेला एक कागद कमी निघाला. तिसऱ्या खेपेला तो कागद हातात होता, पण खिडकी वेळेच्या वीस मिनिटे आधीच बंद झाली होती. टेबलापलीकडच्या माणसाने मान वर न करता ‘उद्या या’ म्हटले. आम्ही ‘बरं साहेब’ म्हणालो, हात जोडले आणि बाहेर पडलो. दिवसाचा रोजगार बुडाला, एसटीचे भाडे गेले. घरी येऊन पाहतो तर धाकट्याच्या हातून पाण्याने भरलेली कळशी लवंडली होती. आम्ही त्याच्यावर इतके ओरडलो, की शेजारची माणसे दारात आली. मुलाची आजी तांदूळ निवडत बसली होती. ती आवाज न चढवता एवढेच म्हणाली, “त्या लेकराला कशाला बोलतोस? जे बोलायचं ते तिथं बोलायचं होतंस.”

त्या रात्री जेवण गोड लागले नाही. म्हातारीने एका वाक्यात आमचे पाप दाखवून दिले होते. आणि ते पाप ‘राग आला’ हे नव्हते.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला एका फार जुन्या ग्रीक शब्दाची मदत झाली. तो शब्द आहे ‘थुमॉस’. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि त्यात हा शब्द १८ वेळा येतो. त्यांपैकी १० वेळा तो शेवटच्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात आहे. आपल्या बायबलमध्ये तिथे राग, संताप, क्रोध असे शब्द आपण वाचतो. पण मूळ शब्दाचा पसारा याहून मोठा आहे.

भाषेचे अभ्यासक सांगतात, की ‘थुमॉस’ आणि आपला ‘धूम’, म्हणजे धूर, हे एकाच मूळ शब्दापासून निघालेले भाऊ आहेत. लॅटिन भाषेतला धुरासाठीचा ‘फुमुस’ हाही त्याच घरातला. हे वाचले तेव्हा आम्हाला आपला साधा, रोजचा ‘धुमसणे’ हा शब्द आठवला. ओले सरपण धुमसते आणि बोलता न आलेला माणूसही धुमसतो. हजारो मैलांवरच्या लोकांनाही छातीत दाटून येणारे ते काहीतरी धुरासारखेच वाटले. गंमत अशी, की वेदीसमोर आपण जाळतो त्या धूपासाठीचा ग्रीक शब्द ‘थुमिआमा’ हाही याच घराण्यातला आहे. एकच धूर; एके ठिकाणी डोळे झोंबवतो, दुसरीकडे प्रार्थनेबरोबर वर जातो.

होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात थुमॉस म्हणजे केवळ राग नाही. माणसाच्या छातीत श्वासासारखे वावरणारे ते बळ आहे. धाडस तिथूनच येते, आनंद तिथेच होतो आणि दुःखही तिथेच सलते. संकटात सापडलेला योद्धा आपल्या थुमॉसशी बोलतो, त्याला समजावतो. माणूस मेला की थुमॉस त्याला सोडून जातो. मराठीत सांगायचे तर राग, उमेद, धमक, जिद्द आणि जिव्हाळा हे सगळे ज्या एका चुलीवर शिजते, ती चूल म्हणजे थुमॉस.

आपल्या ‘राग’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. संस्कृतमध्ये राग म्हणजे रंग, ओढ, प्रेम. ‘अनुराग’ या शब्दात तो अर्थ आजही आहे. मराठीत मात्र राग म्हणजे संताप झाला. म्हणजे ज्याला आपण राग म्हणतो, त्याच्या तळाशी कशाची तरी ओढ असते, हे आपली भाषाही जाणून आहे. ज्याचे आपल्याला काहीच वाटत नाही, त्याच्याबद्दल आपल्याला राग येत नाही. परक्याच्या मुलाला कोणी मारले तर वाईट वाटते, पण आपल्या मुलाला मारले तर रक्त उसळते. रागाच्या मुळाशी प्रेम असते. प्रश्न एवढाच, की ते प्रेम कशावर आहे?

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अथेन्सच्या प्लेटो या तत्त्ववेत्त्याने ‘रिपब्लिक’ या ग्रंथात मनाचे तीन भाग सांगितले. एक विचार करणारा, दुसरा भूक-तहान आणि हाव यांचा, आणि या दोघांच्या मधला तिसरा म्हणजे थुमॉस. प्लेटोने त्याची तुलना राखणीच्या कुत्र्याशी केली आहे. चांगले कुत्रे घरच्यांशी गरीब असते आणि परक्यावर धावून जाते. धन्याने हाक मारली की मागे फिरते. आपल्या भागात हे वेगळे समजावून सांगायला नको. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते आणि मग पालखी सणसरला मुक्कामाला येते. त्या मेंढ्या राखणाऱ्या धनगराला विचारा. कुत्र्याशिवाय कळप राखता येत नाही. पण जे कुत्रे लांडग्यापुढे शेपूट घालते आणि कोकराला चावते, ते काय कामाचे?

आमचे त्या दिवशी नेमके हेच झाले होते. टेबलापुढे शेपूट घातली आणि घरी येऊन कोकराला चावलो. आणि हे आमचे एकट्याचे दुखणे नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी बुडाली की राग ज्याच्यावर यायला हवा त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो बायकोच्या ताटावर निघतो. मुकादमाने हिशेबात लबाडी केली तर ऊसतोड करणारा गडी बैलाच्या पाठीवर चाबूक ओढतो. राग पाण्यासारखा उताराकडे धावतो. जो आपल्यापेक्षा दुबळा, तिकडे तो वाहतो. रागातले पाप ओळखायची ही एक सोपी खूण आहे : तो खाली वाहतो आहे का?

प्लेटोने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. लिओंटिअस नावाचा एक माणूस अथेन्सच्या तटाबाहेरून चालला होता. फाशीच्या जागी पडलेली प्रेते त्याला दिसली. पाहू नये असे वाटत होते आणि पाहायची हावही सुटत नव्हती. शेवटी तो धावत गेला आणि स्वतःच्याच डोळ्यांवर चिडून त्यांना दूषणे देऊ लागला. म्हणजे थुमॉस माणसाला स्वतःवरही चिडायला लावतो. आपण मिस्साच्या सुरुवातीला छातीवर हात मारून आपला अपराध कबूल करतो, तेव्हा त्या हातातही हेच बळ असावे लागते. स्वतःच्या पापाची ज्याला चीड येत नाही, त्याचा पश्चात्ताप नुसता तोंडचा.

आता शुभवर्तमानाकडे येऊ. संत लूकच्या चौथ्या अध्यायात नाझरेथच्या सभास्थानातले लोक थुमॉसने भरून गेले असे लिहिले आहे. कशामुळे? येशूने त्यांना आठवण करून दिली, की एलिया संदेष्ट्याला देवाने परक्या देशातल्या विधवेकडे पाठवले होते आणि अलीशाच्या काळात बरा झाला तो कुष्ठरोगीही परकाच होता. देव आपल्याच मालकीचा नाही, हे ऐकून गावाचा मान दुखावला. त्यांनी आपल्याच गावच्या मुलाला कड्यावर नेले, लोटून द्यायला. तिथे कोणाचे रक्षण होत नव्हते. फक्त ‘आम्ही’ दुखावलो होतो.

याच्या शेजारी संत मार्कच्या तिसऱ्या अध्यायातली घटना ठेवा. हात वाळलेला माणूस सभास्थानात उभा आहे. शब्बाथाच्या दिवशी येशू त्याला बरे करतो का, म्हणजे दोषारोप करता येईल, म्हणून काहीजण टपून बसले आहेत. येशू त्यांच्याकडे रागाने पाहतो, असे मार्क स्पष्ट लिहितो. तिथे ग्रीकमध्ये रागासाठी दुसरा शब्द, ‘ऑर्गे’, आहे. पण पुढचे वाचा. त्यांच्या मनाच्या कठीणपणाचे त्याला दुःखही होते. आणि त्या रागातून काय निघाले? कोणाला शाप नाही, कोणावर हात उगारला नाही. एक वाळलेला हात बरा झाला. नाझरेथचा राग माणसाला कड्याकडे नेतो. येशूचा राग माणसाला बरे करतो. दोन रागांतला फरक याहून सोपा करून कोण सांगणार?

म्हणूनच ख्रिस्तसभेने रागाला सात प्रमुख पापांत धरले असले, तरी राग नावाच्या भावनेलाच पाप म्हटलेले नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो, की भावना स्वतःहून चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात. आपली बुद्धी आणि इच्छा त्यांना कुठे नेतात यावर ते ठरते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तर याच्याही पुढे जाऊन शिकवले, की जिथे राग यायला हवा तिथे तो न येणे हाही दोष आहे. आणि त्यांच्या कितीतरी आधी, ३९९ मध्ये देवाघरी गेलेले इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी इव्हाग्रिअस यांचे सांगणे असे, की थुमॉस माणसाला मिळाला तो सैतानाशी लढण्यासाठी. भावावर उगारण्यासाठी नव्हे.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण पाहू. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले. रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पंथात झाला. पण रागाचे काय करावे हे त्यांच्याकडून शिकावे असे आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली. १८८२ मध्ये पती वारले. विधवेच्या वाट्याला काय येते ते त्यांनी पाहिले आणि सोसले. त्यांच्या छातीत धूर किती दाटला असेल! तो धूर त्यांनी कुठे नेला? १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि स्त्रिया शेकड्यांनी घेऊन आल्या, कारण भुकेल्या मुलींच्या मागावर कोणते लांडगे असतात हे त्यांना ठाऊक होते.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग दवाखान्यात स्त्रियांची जी हेळसांड होत होती, ती रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला पत्र लिहून उघड केली. मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांचे म्हणणे फेटाळले. हा विषय थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला. एक विधवा बाई आणि समोर साम्राज्याचा गव्हर्नर! हा राग खाली वाहिला नाही. तो वर गेला, ज्याच्या हातात सत्ता होती त्याच्याकडे. आणि त्याच वेळी त्यांच्या ओट्यावर दुष्काळातून आलेल्या मुली पोटभर जेवत होत्या. राखणीच्या कुत्र्याचे दोन्ही गुण तिथे एकत्र दिसतात : वर धाडस, खाली माया.

याच बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या माणसाला समजेल अशा मराठीत आणण्यात घालवली. खिळे जुळवणे, छपाई ही कामे मुक्तीमधल्या स्त्रियाच करत. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई देवाघरी गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. दुःख आणि संताप यांनी आधीच विझून जावे अशा आयुष्यात ही ज्योत इतकी वर्षे कशी टिकली?

याचे उत्तर आम्हाला ‘थुमॉस’पासून बनलेल्या इतर शब्दांत सापडले. संत पौल जेव्हा पवित्र आत्म्याची फळे सांगतो, तेव्हा त्यातल्या एका फळाचे नाव ‘माक्रोथुमिया’ आहे. करिंथकरांना प्रीती कशी असते हे सांगताना पहिलाच गुण तो हाच सांगतो. आपण त्याला सहनशीलता म्हणतो. पण शब्दशः अर्थ आहे ‘लांब थुमॉस’. थुमॉस नसणे नव्हे, तर तो लांब असणे, दमाचा असणे. मराठीत आपण म्हणतो ना, ‘जरा दमानं घे’, तेच.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. काहिलीखाली जाळव्या चिपाड घालत असतो. जाळ विझला तर रस नुसता गरम होतो, गूळ होत नाही. जाळ एकदम भडकला तर रस करपतो. तासन्तास एकसारखा जाळ लागतो, आणि मळी वर आली की ती काढत राहावी लागते. सहनशील माणूस म्हणजे विझलेले चुलाण नव्हे. अन्याय पाहूनही ज्याला काही वाटत नाही, त्याला आपण शांत म्हणतो, पण तो बहुधा नुसता थंड असतो.

आणि थुमॉस खरोखरच विझतो तेव्हा काय होते? कलस्सैकरांना लिहिताना संत पौल बापांना बजावतो, की मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचतील. ‘खचतील’ याच्यासाठी त्याने वापरलेल्या शब्दाचा अर्थ आहे ‘त्यांचा थुमॉस जाईल’. हे वाचले आणि आमच्या डोळ्यांपुढे आमचा धाकटा उभा राहिला. कळशीच्या त्या प्रकारानंतर बरेच दिवस तो आमच्याशी नीट बोलला नव्हता. शाळेची वही आधी पळत येऊन दाखवायचा, ते बंद झाले होते. आम्हाला वाटले, पोरगा शहाणा झाला, शिस्त लागली. ती शिस्त नव्हती. आमच्या धुराने त्याची ज्योत कोंडली होती. ज्या बापाचा राग घरात मोकाट असतो, त्याच्या घरात बाकीच्यांची उमेद मरते. घरात एकाचा आवाज फार मोठा झाला की इतरांचे आवाज बंद होतात. कबूल करायचे पाप असेल तर ते हे.

आम्ही मुलाजवळ बसून त्याची माफी मागितली. बापाने मुलाची माफी मागायची, हे आपल्याकडे जड जाते, आम्हालाही गेले. आणि दाखल्याचे म्हणाल, तर आम्ही पुन्हा त्या कार्यालयात गेलो. या वेळी एकटे नव्हतो. ज्यांची तीच अडचण होती असे आणखी दोघे बरोबर घेतले. लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच मागितली. आवाज चढवला नाही, पण हातही जोडून उभे राहिलो नाही. काम लगेच झाले असे नाही. आणखी दोन खेपा पडल्या. पण त्या खेपांनंतर घरी आलो तेव्हा आमच्या रागाचे ओझे घरच्यांना उचलावे लागले नाही.

एक शेवटचा शब्द. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात शिष्य पवित्र मरीयेबरोबर एकचित्ताने प्रार्थना करत होते असे आपण वाचतो. तिथे ग्रीकमध्ये ‘होमोथुमादॉन’ आहे, म्हणजे ‘एका थुमॉसने’. पण त्याच पुस्तकात संत स्तेफनावर धावून गेलेला जमावही ‘एका थुमॉसने’ धावला आहे. एकच शब्द, एकदा प्रार्थनेसाठी, एकदा दगड मारण्यासाठी. गाव म्हणून, समाज म्हणून, धर्मग्राम म्हणून आपण एकत्र तापतो तेव्हा आपण या दोहोंतले कोण आहोत, हे पाहिले पाहिजे. बांधावरून, निवडणुकीवरून, भावकीच्या मानपानावरून माणसे क्षणात एक होतात. एखाद्या विधवेचे रेशन अडले, एखाद्या मजुराची मजुरी बुडाली, तर तितक्याच चटकन एक होतात का?

तेव्हा पुढच्या वेळी प्रायश्चित्त संस्काराला जाताना ‘मला राग येतो’ एवढेच न सांगता आपण स्वतःला चार प्रश्न विचारू या. माझा राग कशाच्या प्रेमातून आला, माणसाच्या की माझ्या मानाच्या? तो वर गेला की दुबळ्यावर उतरला? त्यातून काही बरे झाले की कोणाची उमेद विझली? आणि जिथे चीड यायला हवी होती, तिथे मी गप्प का बसलो? चौथा प्रश्न विसरू नये. न आलेला रागही कधीकधी कबूल करावा लागतो.

हे प्रभो, तू आमच्या छातीत जी आग ठेवलीस, ती विझव असे आम्ही मागत नाही. ती आमच्या घरच्यांना भाजू नये, दुबळ्याच्या रक्षणासाठी मात्र जळत राहावी, आणि तिचा धूर वेदीवरच्या धूपाप्रमाणे तुझ्याकडे वर यावा, एवढे कर. आमेन.